घरपोच पार्लरचा जमाखर्च : प्रकल्प नोंदी, एप्रिल २०२५ ते मार्च २०२६

१ एप्रिल २०२५, मंगळवार

आजपासून स्वतःचं काम. पार्लरमधली नोकरी ३१ मार्चपर्यंतच ठेवली ती मुद्दाम, म्हणजे आर्थिक वर्ष आणि माझं काम एकाच दिवशी सुरू होतंय, मागचा पुढचा एक रुपया यात मिसळायचा नाही. कामाचा पट्टा पुण्यातला सिंहगड रोड, म्हणजे आनंदनगर, हिंगणे, वडगाव, धायरी, नऱ्हे. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन वॅक्सिंग, फेशियल, क्लीनअप, थ्रेडिंग, पेडिक्युअर आणि सीझनला साडी नेसवणं, मेकअप.

वही आधी, काम नंतर असं ठरवलंय कारण इतकी वर्षं दुसऱ्याच्या गल्ल्यात पैसे टाकताना मला माझ्या हातचं काम किती कमावतं हे कधीच कळलं नाही. महिन्याला १४ हजार पगार, वर थोडं कमिशन, बस. आता ते कळलं पाहिजे, प्रकल्प म्हणजे तेवढाच आहे.

पहिलं पान भांडवलाचं. फोल्डिंग बेड ६,५००, वॅक्स हीटर १,८००, स्टीमर २,२००, ड्रायर आणि स्ट्रेटनर ५,०००, बॅग स्टूल टॉवेल ४,०००, मेकअपची व्हॅनिटी ब्रश रिंग लाईट धरून ९,०००. झाले २८,५००. त्याशिवाय वापरून संपणारा माल ११,५०० चा, बराचसा रविवार पेठेत बोहरी आळीतून होलसेलला आणला आणि किरकोळ तुळशीबागेतून. एकूण ४० हजार, त्यातले २५ माझे साठवलेले आणि १५ दिरांकडून उसने. दिरांचं वेगळ्या पानावर लिहिलंय. ते परत करीन तेव्हा तो खर्च धरायचा नाही आणि आत्ता आले ती कमाई पण नाही, घेतले आणि दिले एवढंच.

४ एप्रिल

रोजमेळ कसा लिहायचा ते ठरलं. तारीख, गिऱ्हाईक, काम काय केलं, बिल किती, रोख किती, यूपीआय किती, बाकी किती. इतकं सगळेच लिहितात. मी अजून तीन रकाने घातलेत, गाडीचे किलोमीटर, घरातून निघाल्याची वेळ आणि परत आल्याची वेळ. शेवटचे दोन माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे आहेत, ते का ते मे महिन्यात कळेल कारण तेवढा डेटा आधी जमू दे.

लिहायची वेळ, गिऱ्हाइकाच्या दारातून बाहेर पडल्यावर लिफ्टमध्येच मोबाईलच्या शीटवर, आणि रात्री जेवणानंतर वहीत. दोन्हीकडे का, तर मोबाईल हरवू शकतो आणि वहीत बेरीज आपोआप होत नाही.

बँकेत वेगळं खातं उघडलंय, सध्या सेव्हिंगच. त्याचाच क्यूआर छापून बॅगेला अडकवलाय. घरचं दूध, भाजी, लेकीची फी यातलं काहीही या खात्यातून जाणार नाही.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

पहिल्या महिन्याचा ताळा. बिलं झाली ३१,४०० ची, त्यात यूपीआय २२,१५०, रोख ८,०५० आणि बाकी १,२००. बँकेचं स्टेटमेंट काढून वहीशी एकेक ओळ जुळवली. जुळलं सगळं पण वेळ लागला कारण काम करून घेते बायको आणि पैसे येतात नवऱ्याच्या नंबरवरून, नाहीतर मुलाच्या, एकीचे तर सासऱ्यांच्या खात्यातून आले. पुढच्या महिन्यापासून यूपीआयच्या रकान्यात कोणाच्या नावाने आले तेही लिहायचं.

रोख पैशांसाठी एक डबी आहे. आठवड्यातून एकदा डबी मोजून तेवढे बँकेत भरायचे, मधेच त्यातून रिक्षाला दिले, पाणीपुरीला दिले असं नाही.

१४ मे

आज खरी मजा आली. दीड महिन्याचे आकडे समोर घेऊन एकेका कामाची किंमत काढत बसले, रात्री साडेबारा वाजले.

आधी वॅक्स. रिका कंपनीच्या वॅक्सचा ८०० मिलीचा डबा मला ९५० ला पडतो. फुल हात, फुल पाय आणि अंडरआर्म्स असं पूर्ण काम धरलं तर एका डब्यात सहा जणी होतात, मी प्रत्येक डब्यावर मार्करने तारीख आणि रेघा मारत होते त्यावरून काढलंय. म्हणजे एकीला १५८. स्ट्रिप्स बारा लागतात, २४ रुपये. आधीचं जेल आणि नंतरचं तेल मिळून १५. डिस्पोजेबल शीट १८. ग्लोव्ह्ज ६. झाले २२१. गाडीचं मी किलोमीटरला ४ रुपये धरते, पेट्रोल १०४ च्या आसपास आहे आणि गाडी ४५ चं अ‍ॅव्हरेज देते म्हणजे पेट्रोलचेच सव्वादोन होतात, वर सर्व्हिसिंग, टायर, इन्शुरन्स. जाऊन येऊन १४ किलोमीटर म्हणजे ५६. बिल ९०० चं, हातात उरले ६२३.

आता वेळ. काम ७० मिनिटं, जाणं येणं ५०, आणि सामान मांडणं, आवरणं, घरी आल्यावर हीटर पुसून टॉवेल भिजवणं हे २०. एकशे चाळीस मिनिटांचे ६२३, तासाला २६७.

मग थ्रेडिंग. ६० रुपये. दोऱ्याला पावडरीला काय लागतं, पाच धरा. पण १० किलोमीटर गाडी म्हणजे ४० गेले. उरले पंधरा रुपये आणि वेळ गेला तासभर. तासाला पंधरा रुपये! आणि बायका प्रेमाने सांगतात, "ताई येता येता नुसत्या आयब्रो करून जा ना." त्यांचं काही चुकत नाही, त्यांना दोरा दिसतो, वडगावच्या सिग्नलला उभी असलेली मी दिसत नाही. हे वेळेचे रकाने नसते तर मलाही दिसलं नसतं कारण थ्रेडिंगमध्ये माल लागत नाही म्हणून आपल्याला वाटतं की सगळा नफाच आहे.

यातून दोन गोष्टी ठरवल्या. कमीत कमी बिल ५०० चं असेल तरच स्वतंत्र फेरी. आणि सोसायटीचे वार बांधायचे, मंगळवारी धायरी, गुरुवारी आनंदनगर असं, त्या दिवशी त्या सोसायटीत नुसती थ्रेडिंगसुद्धा आनंदाने करीन कारण एका फेरीत चार-पाच घरं होतात आणि गाडीखर्च वाटला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर वार टाकलेत.

फेशियल आणि क्लीनअपचं पण काढलं, ते सविस्तर शीटवर आहे, इथं एवढंच की फेशियल तासाला वॅक्सपेक्षा बरं पडतं आणि रूट टच-अपला, म्हणजे केसांच्या मुळांना रंग लावायला, मी आत्तापर्यंत जो रेट लावत होते तो आजपासून १०० ने वाढवलाय.

९ जून

कागदपत्रं. बँकेत चौकशी केली, धंद्याच्या नावाने करंट अकाउंट काढायचं तर धंद्याचे दोन पुरावे द्या म्हणाले. म्हणून शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यम, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, दोन्ही केलं.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात सध्या (जून २०२५) दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर फक्त सूचना द्यायची असते, आपले सरकार पोर्टलवर फॉर्म भरला की पावती मिळते. ज्याला सगळे अजून गुमास्ता म्हणतात तेच. उद्यम नोंदणी सरकारच्या साईटवर पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं, कामाच्या प्रकारात केशकर्तन आणि सौंदर्य सेवेचा कोड ९६०२० निवडायचा. हे ठळक लिहून ठेवते कारण गूगल केल्यावर वरती ज्या साईट येतात त्यातल्या बऱ्याच हजार दोन हजार मागतात, हुबेहूब सरकारी वाटतात. साईटच्या नावाच्या शेवटी गव्ह डॉट इन नसेल तर आधार नंबर टाकायचाच नाही. माझ्याबरोबर कोर्स केलेल्या दोघीतिघींना मी स्वतः बसून मोफत करून दिलं, अजून कोणाला हवं असेल तर करून देईन, त्यात फुकट पैसे जाऊ नयेत असं फार वाटतं.

२३ जून

शुक्रवार शनिवार पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या, रस्ते बंद, कामं जवळजवळ नाहीच. आता पाऊसही लागलाय, संध्याकाळच्या अपॉइंटमेंट कॅन्सल होतात. वहीत कॅन्सलसाठी पण ओळ घातली, कारणासकट. वर्षाने बघायला उपयोग होईल.

करंट अकाउंट झालं. क्यूआर बदलला, सेव्हिंगवाला बंद.

११ जुलै

नऱ्ह्याच्या एका क्लायंटने सहा फेशियलचं पॅकेज घेतलं, ६,००० एकदम दिले. एरवी एक १,२०० ला असतं, पॅकेजमध्ये हजाराला पडतं.

हे पैसे खात्यात आले पण माझे अजून झालेले नाहीत. मी तिचं सहा वेळचं काम देणं लागते. म्हणून पॅकेजचं वेगळं पान, वरती ६,००० आगाऊ जमा, आणि प्रत्येक फेशियल झालं की १,००० तिथून उचलून त्या दिवसाच्या कमाईत. माझा माल आणि पेट्रोल तर त्या त्या महिन्यात जाणार, सगळे पैसे जुलैतच कमाई म्हणून मोजले तर जुलै गुबगुबीत दिसेल आणि डिसेंबरमध्ये मी फुकट काम करतेय असं वाटेल. शिवाय उद्या तिची बदली झाली तर उरलेले परत द्यायला लागतील, तेव्हा ते शिल्लक असायला हवेत. बँकेच्या ॲपमध्येच छोटी रिकरिंग सारखी सोय आहे, पॅकेजचे पैसे तिथं बाजूला टाकते.

ज्या मैत्रिणी घरपोच काम करतात त्यांना हे सांगितलं तर म्हणतात एवढं कशाला, पैसे आले ना. पण घरपोच कामात माणूस अडकतं ते इथंच, मी आधीच्या ओळखीतल्या एका चांगल्या हाताच्या ब्युटिशियनला याच कारणाने काम बंद करताना बघितलंय. पॅकेजचे पैसे घरात गेले, नंतर सहा महिने नुसतं कबूल केलेलं काम उरकत होती, माल आणायला पैसे नाहीत.

८ ऑगस्ट

श्रावण. मंगळागौरीची कामं भरपूर, नऊवारी नेसवणं, खोपा, हलका मेकअप, एकेका घरी आठ दहा बायका. एकटीने होत नाही म्हणून शेजारची मुलगी मदतीला घेतली, दिवसाचे ५०० आणि जेवण. तिला पैसे देताना व्हाउचरवर सही घेते, तारीख आणि काम लिहून. तिलाही सांगितलं की तू पण तुझी वही सुरू कर, तिने केली.

साडी नेसवण्यात माल म्हणजे पिना. तासाचा हिशोब या कामात सगळ्यात चांगला निघतो, चारशेच्या वर.

२९ ऑगस्ट

गणपती. गौरी येतील परवा. रोजमेळ चालू आहे, बाकी लिहायला वेळ नाही.

१२ सप्टेंबर

पितृपक्ष, कामं कमी. या रिकाम्या दिवसांत मालाची मोजणी केली. प्रत्येक डबा ट्यूब बाटली बाहेर काढून किती शिल्लक, एक्स्पायरी कधी, उघडून किती दिवस झाले. उघडलेल्या मास्कच्या बरणीवर उघडल्याची तारीख घालायची सवय एप्रिलपासून आहे म्हणून हे अर्ध्या दिवसात झालं. मुदत जवळ आलेलं ब्लीच आधी वापरायला काढलं.

उधारीचं पान पण बघितलं. एकूण ३,४५० येणं. जुन्या ओळखीच्या बायकांना पैसे मागायला जीभ रेटत नाही हे खरंय, पण मी मागत नाही, मी महिनाअखेरीला प्रत्येकीला तिच्या कामाची यादी पाठवते. "काकू, ऑगस्टची कामं अशी झाली, जमा एवढे, राहिले एवढे, एकदा बघून घ्या." ज्यांचं काहीच राहिलेलं नाही त्यांनाही पाठवते म्हणजे कोणाला टोचत नाही. दोन दिवसांत २,६०० आले.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

आजपासून पार्लर, सलूनच्या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, पण त्यांना आता मालावर भरलेल्या टॅक्सची वजावट मिळणार नाही. शाम्पू, केसांचं तेल, फेस पावडर यावरचाही ५ झाला. सकाळपासून मेसेज, "ताई, मग तुमचे रेट कधी कमी?"

सगळ्यांना मिळून एक उत्तर लिहून ठेवलं तेच पाठवते. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागत नाही, माझी त्याच्या आसपासही नाही. नोंदणी नाही म्हणजे मी तुमच्याकडून जीएसटी घेतच नव्हते, माझ्या पावतीवर ती ओळच नाही आणि नोंदणीशिवाय ती लावताही येत नाही. जे कमी झालं ते मी कधी घेतलंच नव्हतं. दोन काकूंनी अंगठा पाठवला, एकीने मॉलमधल्या सलूनचं जुनं बिल पाठवून विचारलं की हे बरोबर होतं का, तिला समजावून सांगितलं.

माझा जो माल स्वस्त झालाय त्याचे नवे भाव शीटमध्ये घातले. हेअर स्पाची किंमत त्यामुळे थोडी खाली आली, तिथं मात्र रेट ५० ने कमी केला.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

वहीपूजन केलं. आमच्या सासूबाईंनी कौतुकाने वहीला हळदकुंकू लावलं, त्यांच्या माहेरी किराणा दुकान होतं, तिथं असंच व्हायचं म्हणाल्या. लाल वहीवर श्री लिहिताना खूप बरं वाटलं.

सप्टेंबरची बिलं २१,९०० होती. ऑक्टोबर आत्ताच ६० हजारांच्या वर गेलाय.

आता पगाराबद्दल. मी पहिल्यापासून स्वतःला दर एक तारखेला १८ हजार पगार देते, धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात. चांगला महिना असो वाईट असो, अठराच. सप्टेंबरमध्ये पण अठरा मिळाले आणि ऑक्टोबरचे साठ आले तरी अठराच. घरात आधी थोडी कुरबुर होती की दिवाळीत एवढी कमाई दिसतेय तर वॉशिंग मशीन घेऊ, मी वही उघडून यांना आणि सासूबाईंना एप्रिलपासूनचे महिने दाखवले, पावसाळा कसा गेला, पितृपक्षात काय झालं, जानेवारीतल्या पौषात लग्नं नसतात तेव्हा काय होईल. पाचव्या मिनिटाला सासूबाईच म्हणाल्या मशीन पाडव्याला नको, मार्चनंतर बघू. आकडे समोर असले की वाद होत नाही.

ही पगाराची रक्कम खर्चात धरायची नाही, ती माझी उचल. नफा काढून झाल्यावर त्यातून मी किती घरी नेले तो वेगळा विषय.

दिरांचे १५ हजार भाऊबीजेला पूर्ण फिटतील.

६ डिसेंबर

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली ती थांबलेली नाही. नवरीच्या कामाला लेखी घेते, तारीख, ठिकाण, किती जणींचा मेकअप, आगाऊ किती, उरलेले कधी, तारीख बदलली तर काय. व्हॉट्सअ‍ॅपवरच, पण समोरून "ठीक आहे" असं उत्तर आल्याशिवाय तारीख धरत नाही.

१७ जानेवारी २०२६

संक्रांतीची हळदीकुंकवं चालू आहेत पण आज वेळ काढून सदाशिव पेठेत सीए ताईंकडे गेले. वही, शीट, स्टेटमेंट सगळं घेऊन. त्यांनी पानं उलटून बघितली आणि म्हणाल्या, "असं आणून देणारे फार कमी येतात."

जे समजलं ते लिहिते. आपलं काम आयकरात धंदा धरला जातो. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट वगैरेंसाठी ४४एडीए हे कलम आहे, त्यात निम्मी जमा नफा धरतात, ते आपल्याला नाही. आपल्याला ४४एडी. त्यात रोख जमेच्या ८ टक्के आणि बँकेतून, यूपीआयने आलेल्या जमेच्या ६ टक्के, किंवा त्याहून जास्त नफा तुम्ही सांगाल तर तो, उत्पन्न म्हणून धरायचा. वेगळा खर्च वजा होत नाही, घसारा, म्हणजे सामान जुनं होऊन घटणारी किंमत, पण त्यातच आला. रिटर्न आयटीआर ४, सुगम. नवीन पद्धतीत यंदा चार लाखांपर्यंत टॅक्स नाही आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट मिळून शून्य होतो.

मी विचारलं, कायदा ६ टक्के मान्य करतो पण माझा खरा नफा निम्म्याहून जास्त आहे, मग काय दाखवायचं. त्या म्हणाल्या खरा दाखव, टॅक्स तसाही शून्य आहे, आणि उद्या कर्ज मागायला गेलीस तर बँक रिटर्नवरचंच उत्पन्न बघणार. माझ्याही मनात तेच होतं. पुढच्या वर्षी हायड्रा फेशियलचं मशीन घ्यायचंय, त्यासाठी सरकारी मुद्रा योजनेचं कर्ज बघतेय, शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं आणि त्याच्यावर किशोर गट पाच लाखांपर्यंत.

येताना वाटलं की वही ठेवायची सक्ती आपल्यासारखीला नाही म्हणून बऱ्याच जणी ठेवत नाहीत. पण ६ टक्क्यात थ्रेडिंगचे तासाला पंधरा रुपये दिसत नाहीत.

८ मार्च

महिला दिनाच्या ऑफर सगळीकडे. मी सवलत द्यायच्या आधी शीट उघडली, क्लीनअपवर १५ टक्के दिले तरी तासाला दोनशे राहतात, रिका वॅक्सवर नाही दिली.

३१ मार्च २०२६

वर्ष बंद केलं. सुरुवातीचा माल ११,५००, वर्षभरात आणला १,१४,९००, आज मोजला तो १४,४०० शिल्लक. म्हणजे वापरला १,१२,००० चा. गाडी ३४,०००. मदतनीस मुलगी १९,५००. फोन, धुलाई, सॅनिटायझर, पावतीपुस्तकं, सीए ताई धरून १६,०००. सामानाचा घसारा मी माझ्यापुरता तीन वर्षांत वाटलाय, ९,५००. एकूण खर्च १,९१,०००.

कमाई ४,८६,०००, त्यात यूपीआय ३,६०,००० आणि रोख १,२६,०००. ४४एडीच्या किमान हिशोबाने नफा ३१,६८० निघतो, माझ्या वहीप्रमाणे २,९५,०००. रिटर्नमध्ये दुसरा जाणार.

पॅकेजच्या पानावर ५,४०० अजून देणं आहे, ते या कमाईत धरलेले नाहीत.

वेळेच्या रकान्यांची बेरीज साडेचौदाशे तासांच्या आसपास, प्रवास आणि धुणंपुसणं सगळं धरून. तासाला २०३. पार्लरमध्ये कमिशन धरून सोळा हजार पडायचे, नऊ तासांची ड्युटी, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे अडुसष्ट. तिथं मी हेच हात वापरत होते.

उद्यापासून आयकराचा नवीन २०२५ चा कायदा लागू होतोय, प्रीव्हियस इयर (कमाईचं वर्ष) आणि असेसमेंट इयर (त्याचा रिटर्न तपासायचं वर्ष) याच्या ऐवजी नुसतं कर वर्ष म्हणणार, पण आज संपलेल्या वर्षाचा रिटर्न जुन्याच कायद्याने. कलमांचे नंबर बदलतील, ते सीए ताईंकडून घेऊन शीटवर टाकायचे. पगार अठराचा वीस करतेय. धायरीचा वार मंगळवारवरून बुधवार, मंगळवारी कॅन्सल जास्त आहेत तिथं. नवीन वहीत पहिल्या पानावर माल १४,४००, पॅकेज देणं ५,४००, उधारी येणं ९५० उतरवून झालं.